फॉर्मवर पप्पांची सही, ग्रुपवर फक्त मम्माज

जुलैचा अंक म्हणजे शाळेचा अंक हे आता ठरल्यासारखंच झालंय. रेनकोट निघाले, बस सुरू झाल्या, आणि आमच्या पत्रपेटीत, म्हणजे खरं तर व्हॉट्सॲपवर, शाळेच्या तक्रारींचा ढीग. या वेळी फी आणि ट्यूशनची पत्रं बाजूला ठेवली, त्यावर दरवर्षी तेच लिहून मलाच कंटाळा आलाय. पण बरीच पत्रं अशी होती की वेगवेगळ्या घरांतून एकच गाऱ्हाणं, आमचं घर शाळेच्या फॉर्मात बसत नाही. कुणाकडे वडील नाहीत, कुणाकडे आजोबाच आई आहेत, कुणाच्या डब्यात अंडं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते, शाळेत आपलं स्वागत आहे की नाही हे प्रिन्सिपलच्या भाषणात कळत नाही, ते ऑफिसच्या खिडकीवर आणि पालकांच्या ग्रुपवर कळतं. नावं, कॉलन्या, शाळा सगळं काढून टाकलंय, इंदूर एवढं मोठं झालं तरी आपली मराठी मंडळी दोन वाक्यांत ओळखतात कोण ते.

प्रश्न : ताई, माझा घटस्फोट झालाय, मी आणि मुलगी माझ्या आईकडे राहतो. नवीन शाळेत पहिलीत ॲडमिशन घेतलं तर फॉर्मवर वडिलांची सही, वडिलांचं आधार, वडिलांचा व्यवसाय, सगळं स्टार मारून कम्पल्सरी. ऑफिसातले बाबू सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, पापा को एक बार भेज दो बस." आता भेज दो म्हणजे काय, ते काय कुरियर आहे का? मुलगी शेजारीच उभी होती. शिवाय पुढे फादर्स डेचं कार्ड वगैरे असतंच. काय करू?

उत्तर : कुरियरवर मी हसले, आणि मग ती शेजारी उभी असलेली मुलगी डोळ्यांसमोर आली आणि हसू गेलं.

आधी कायद्याचं बघू म्हणजे खिडकीवर उभं राहताना पाय लटपटणार नाहीत. आई ही मुलाची नैसर्गिक पालक आहे आणि वडील जिवंत असले तरी ती पालक म्हणून काम करू शकते, हे सुप्रीम कोर्टाने १९९९ मधे गीता हरिहरन यांच्या केसमधे सांगितलं. २०१५ मधे तर अविवाहित आईच्या केसमधे कोर्टाने वडिलांना नोटीस न देता आईला एकटीला पालक मानायला हरकत नाही म्हटलं, आणि अशी आई ॲफिडेव्हिट देईल तेवढ्यावर जन्मदाखला द्या असंही सांगितलं. पासपोर्टसुद्धा २०१६ च्या शेवटापासून आई किंवा वडील कुणा एकाच्या नावावर निघतो. म्हणजे पासपोर्ट ऑफिसचं एका नावावर भागतं आणि शाळेचं भागत नाही, असं कसं चालेल! आधारचं म्हणाल तर २०१८ च्या निकालात कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की शाळेच्या ॲडमिशनला मुलाचंच आधार सक्तीचं करता येत नाही, मग घरात न राहणाऱ्या वडिलांचं कुठून आणायचं. आणि तो व्यवसाय, शिक्षण, उत्पन्न विचारून मुलं निवडणं, त्याला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने बंदी आहे, चाळणी मुलाची पण लावायची नाही आणि आईबापांची पण नाही, पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि नंतर दरवेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. हे सगळं खिडकीवर ऐकवायची गरज पडू नये, पण माहीत असावं.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. तुमच्या मुलीच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव असेलच, ते रेकॉर्डवर राहू दे, ते खोडायच्या मागे लागू नका, पुढे बोर्डाच्या मार्कशीटपर्यंत सगळीकडे नाव जुळावं लागतं आणि नसलं की तो वेगळा फेरा सुरू होतो. नाव असणं वेगळं आणि सहीला माणूस हजर करणं वेगळं. तुम्ही प्रिन्सिपलच्या नावाने एक साधा अर्ज द्या, की मुलीची कस्टडी माझ्याकडे आहे, कोर्टाच्या ऑर्डरची कॉपी जोडली आहे, सह्या, फोन, मीटिंग सगळं माझ्याकडेच यावं, आणि मुलीला शाळेतून न्यायला फक्त मी किंवा माझी आई येईल. ऑर्डरची कॉपी प्रिन्सिपलच्या हातात द्या, खिडकीवर नको, तिथे ती कुणाच्या टेबलावर चहाच्या कपाखाली आठवडाभर पडून राहते. अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घ्या. हे न विसरता.

आणि आपल्या मध्यप्रदेशातली खास डोकेदुखी म्हणजे समग्र आयडी, राज्य सरकारचा कुटुंबाचा आणि त्यातल्या प्रत्येकाचा नोंदणी नंबर. घटस्फोट झाला तरी बायको-मुलगी नवऱ्याच्याच परिवार आयडीत अडकलेल्या असतात, आणि शाळेच्या पोर्टलवर मुलीचा ९ अंकी नंबर टाकला की जुनं कुटुंब उघडतं. नगर निगमच्या झोन ऑफिसात जाऊन कोर्टाच्या ऑर्डरवर तुमचा परिवार वेगळा करून घ्या, एकदाच कटकट आहे पण मग दरवर्षीची सुटते.

फादर्स डेसाठी क्लास टीचरला आठवडाभर आधी दोन ओळींचा मेसेज करा, "घरी ज्याला द्यावंसं वाटेल त्याला कार्ड असं सगळ्यांनाच सांगाल का?" सगळ्यांनाच, हे महत्त्वाचं. एकटीला वेगळं बसवून "बेटा तुम नानी के लिये बना लो" म्हटलं की झालं, अख्ख्या वर्गाला कळतं. बऱ्याच मॅम ऐकतात हो, त्यांच्या डोक्यातच आलेलं नसतं एवढंच.

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे, शाळा चांगली आहे. त्याच्या वर्गात काही मुलं आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात गरीब आणि वंचित घरांसाठी राखलेल्या जागांवरची आहेत. त्यांच्या आया पीटीएमला, म्हणजे पालक-शिक्षक मीटिंगला येत नाहीत, ग्रुपवर काही बोलत नाहीत, ॲन्युअल फंक्शनच्या ड्रेसचे पैसे मागितले तर एकीने सरळ मुलीला त्या दिवशी पाठवलंच नाही. आम्ही मुद्दाम काही करत नाही, मी क्लासची पेरेंट रिप्रेझेंटेटिव्ह आहे म्हणून मला वाईट वाटतं. बाकीच्या म्हणतात त्यांना इंटरेस्टच नाही. खरंच असं असतं का?

उत्तर : नाही. असं नसतं.

पण तुम्ही विचारलंत हे मला फार आवडलं, कारण हे पत्र त्या आयांकडून कधीच येणार नाही, आपलं मासिक त्यांच्या घरी जात नाही. तर त्यांच्या बाजूने बघू.

सुपर कॉरिडॉरच्या आणि बायपासच्या बिल्डिंगी बांधायला जी माणसं येतात त्यातली कितीतरी झाबुआ, अलीराजपूर, धारकडची भील कुटुंबं असतात. घरात भिली, बाजारात हिंदी, आणि शाळेचा ग्रुप चालतो "डिअर पेरेंट्स, काइंडली नोट" मधे. फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात, तो साइटवर. आता शनिवारी सकाळी ११ ची पीटीएम. तुम्हाला-मला शनिवार म्हणजे पोहे-जिलेबी, तिला शनिवार म्हणजे मजुरीचा दिवस, ११ ला यायचं म्हणजे त्या दिवसाचं काम गेलं, कारण मजूर चौकातून ठेकेदार सकाळीच माणसं उचलतो, दुपारी १ ला कुणी घेत नाही. तरी समजा ती आली. गेटवर गार्ड तिलाच थांबवून विचारणार कहां जाना है, तुम्हाला नाही विचारत. वर्गात त्या छोट्या खुर्चीच्या अगदी काठावर ती बसणार, मॅम कॉपी उघडून म्हणणार "घर पे थोडा ध्यान दीजिये", ती "जी मॅडम" म्हणणार, संपलं. चार मिनिटं. पुढच्या वेळी ती का येईल, मीसुद्धा गेले नसते.

ड्रेसचं बघा. ग्रुपवर मेसेज येतो, अमुक डान्ससाठी १,२०० रुपये, बुधवारपर्यंत. मग गुरुवारी तुमच्यासारखीच कुणीतरी भली बाई यादी टाकते, "पेंडिंग : " आणि खाली चार नावं. वाईट हेतू शून्य. पण ती चार नावं कुणाची असणार ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. मुलीला न पाठवणं हा त्या आईने अब्रू वाचवायला काढलेला रस्ता आहे, इंटरेस्ट नसता तर ती ऑनलाइन लॉटरीचा फॉर्म भरायला कियोस्कच्या लाइनीत उभीच राहिली नसती, उत्पन्नाचा दाखला, मूळ निवासी, समग्र, हे सगळं गोळा करताना माणूस किती वेळा परत पाठवला जातो हे एकदा तुमच्या कामवाल्या ताईंना विचारून बघा.

आणि ती मुलं फुकट आलीयेत, शाळेने उपकार केलेत, ही जी कुजबुज असते ती बंद व्हायला पाहिजे. २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू, खाजगी शाळेच्या सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा, शाळावाले कोर्टात गेले तर २०१२ मधे सुप्रीम कोर्टाने कायदाच कायम ठेवला. त्या मुलांचे पैसे सरकार शाळेला देतं, सरकारी शाळेत एका मुलामागे जो खर्च येतो तेवढे किंवा शाळेची फी, जे कमी असेल ते. उशिरा देतं, शाळा त्यावर चिडलेल्या असतात, ते भांडण सरकारशी आहे, तिसरीतल्या पोराशी नाही. केंद्राच्या नियमांत हेही लिहिलंय की या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, वेगळी वेळ द्यायची नाही, आणि पुस्तकं, ड्रेस, लायब्ररी, खेळ कशातच फरक करायचा नाही. ॲन्युअल फंक्शन त्यातच आलं.

तुमच्या हातात बरंच आहे, रिप्रेझेंटेटिव्ह आहात तर. ग्रुपवर महत्त्वाचा मेसेज आला की खाली हिंदीत अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाका, "कल सफेद जूते, और आठ बजे गेट पे". एवढंच, कुणासाठी ते सांगू नका, बघा कितीतरी आज्ज्या आणि मारवाडी काकूसुद्धा तोच ऐकायला लागतील. पेंडिंगची यादी कधीच ग्रुपवर नको, पैसे गोळा करणं टीचरकडे नाहीतर एका माणसाकडे, खाजगीत. डान्सच्या मॅमना सांगा की घरचे पांढरे कपडे आणि वर एक ओढणी असा नाच पण छान दिसतो, दरवेळी भाड्याचे चमचम कशाला, तुमचेही १,२०० वाचतील आणि खरं सांगा त्या ड्रेसला खाज सुटते की नाही. पीटीएमची एक वेळ सकाळी साडेसातची मागा, मुलं सोडायला येतात तेव्हाची. प्रिन्सिपल आधी नाही म्हणतील, टीचर्सचं पण बरोबर आहे, त्यांनाही घर आहे, पण महिन्यातून एकदा अर्धा तास मिळतो, नोकरीवाले पालक पण तेच मागतायत म्हणून सांगा.

होळीच्या आधीचा आठवडा भगोरियाचा, म्हणजे भिलांच्या जत्रेचा असतो, ही कुटुंबं गावी जातात म्हणजे जातातच. तेव्हा टेस्ट ठेवली की त्या मुलांचे मार्क गेले. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी कुणी टेस्ट ठेवतं का? कॅलेंडर बनवताना टीचरच्या कानावर घाला. पण कृपा करून त्या मुलीला "तू भगोरियाचा डान्स करून दाखव" असं पुढे ढकलू नका, तिला बाकीच्यांसारखं परी व्हायचं असतं.

आणखी एक, कायद्याचं हे पांघरूण आठवीपर्यंतच आहे. नववीत फी अंगावर येते आणि ती मुलं गपचूप गायब होतात. तिसरीपासून ओळख असेल तर तेव्हा चार पालक मिळून प्रिन्सिपलकडे जाऊ शकतात. ओळखच नसेल तर कुणाला कळणार पण नाही.

प्रश्न : मी रिटायर्ड माणूस, रामबागेत राहतो. मुलगा-सून पुण्याला आयटीत, नातू आमच्याकडे, चौथीत. वर्गाच्या ग्रुपचं नाव "फोर बी सुपर मम्माज". मला ॲड करत नाहीत, म्हणाल्या अंकल लेडीज का ग्रुप है. मेसेज सुनेला पुण्यात जातो, ती मीटिंगमधे, रात्री ११ ला मला फॉरवर्ड करते की उद्या चार्ट पेपर न्यायचाय. रात्री ११ ला इंदुरात सराफ्यावर भुट्ट्याचा कीस मिळतो, चार्ट पेपर नाही मिळत.

उत्तर : आजोबा, भुट्ट्याचा कीस तरी खाऊन घ्या मग.

गंमत जाऊ दे, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि त्या बायकांचंही थोडं बरोबर आहे. त्या ग्रुपवर त्या सासूपासून पार्लरपर्यंत सगळं बोलतात, तिथे तुम्ही नकोच आहात, आणि तुम्हालाही ते वाचायचं नाहीये. गडबड ही झालीय की शाळेने आपली सूचना द्यायचं काम त्या गप्पांच्या ग्रुपवर टाकून दिलंय. क्लास टीचरना भेटा आणि मागा की शाळेच्या सूचना वेगळ्या ग्रुपवर याव्या, तिथे फक्त टीचर लिहितील, आणि प्रत्येक मुलामागे दोन नंबर, घरचे जे सांगतील ते, आई-बाबा, आजी, मामा, होस्टेलची वॉर्डन, कुणीही. नाव फक्त "फोर बी". तुमच्यासारखे आजोबा, एकटे बाबा, नोकरीला बाहेरगावी असलेल्या आया, सगळ्यांचं यात सुटतं. सुनेकडून शाळेला एक मेल पाठवून ठेवा की मुलाची रोजची जबाबदारी आजोबांकडे आहे, त्यांची सही चालेल, नाहीतर पिकनिकच्या वेळी परत अडाल.

प्रश्न : आम्ही सीकेपी. मुलाला डब्यात ऑम्लेट-पोळी दिली, तर मॅमनी सगळ्यांसमोर डबा बंद करायला लावला, पोरं छी छी करत लांब सरकली. डायरीत व्हेज ओन्ली असं कुठेही लिहिलेलं नाही. नवरा म्हणतो सोड, पोहे दे. मुलगा आता घरीसुद्धा अंडं खात नाही.

उत्तर : शेवटचं वाक्य वाचून मला राग आला, तुमच्यावर नाही.

शाळेने डब्यात मांस-अंडं नको असा नियम केला तर मला तो फारसा पटत नाही, पण इंदुरात जैन, माहेश्वरी, अग्रवाल मुलं एका बाकावर बसतात, एकमेकांच्या डब्यात हात घालतात, तर शाळेला तसं वाटणं समजू शकते. मग तो नियम लिहा, ॲडमिशनच्या वेळीच सांगा, आणि पालकांना सांगा. न लिहिलेला नियम आठ वर्षांच्या मुलावर वर्गात चालवायचा हे चालणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मधे मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे, आणि मुलाला त्याच्या घरच्या जेवणावरून वर्गासमोर लाजवणं याला मी तरी दुसरं नाव देणार नाही.

पण कलम दाखवत जाऊ नका, पहिली भेट गोडीत करा. मॅमना एकट्यात भेटा, म्हणा की नियम असेल तर आम्ही पाळू, पण छी म्हणणाऱ्या मुलांना तुम्ही काही बोललात का? हाच प्रश्न विचारा आणि गप्प बसा, त्यांना उत्तर देऊ दे. दुसऱ्याचा डबा बघून नाक मुरडायचं नाही हा नियम व्हेजच्या नियमापेक्षा आधी लागतो, आणि तो सगळ्यांच्या कामाचा आहे, ज्या बोहरा मुलीला बाहेरचं काय चालतं काय नाही ते नीट बघावं लागतं तिच्याही, आणि ज्या जैन मुलाला बटाटा चालत नाही म्हणून बाकीचे चिडवतात त्याच्याही. वाढदिवसाच्या केकचं पण सांगा, अंड्याचा की बिनअंड्याचा ते डब्यावर लिहून आणायचं, एवढं साधं आहे.

पोहे द्या हो, पोह्यांचं काय वाकडं आहे, पण रविवारी सगळ्यांनी मिळून घरात ऑम्लेट खा, आणि त्याला म्हणा आपल्याकडे खातात, त्यांच्याकडे नाही खात. यापेक्षा लांब भाषण नको.

प्रश्न : मुलीच्या वर्गात एक ऑटिस्टिक मुलगा आहे. मधेच ओरडतो, उठून पळतो, मॅमचा अर्धा वेळ त्याच्यातच जातो. आम्ही पण फी भरतो. दोन-चार पालक मिळून प्रिन्सिपलकडे अर्ज द्यायचा विचार करतोय की त्याला स्पेशल शाळेत पाठवा. तुमचं मत?

उत्तर : मत हवंय तर ऐका, तो अर्ज देऊ नका.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलंय, ऑटिझम त्यात आहे. सरकारी मान्यता असलेल्या शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता घ्यायचं, इतरांबरोबर शिकवायचं आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची असं त्या कायद्यात आहे, ज्यांचं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त आहे अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलांना तर शेजारची शाळा की स्पेशल शाळा हे निवडायचा हक्क आहे. निवड त्यांची, वर्गातल्या बाकी पालकांची नाही. प्रिन्सिपलनी तुमच्या अर्जावर काही केलं तर शाळाच अडचणीत येईल.

तुमच्या मुलीचा वेळ जातो हे मात्र खोटं नाही. एका मॅमने ४० मुलं आणि हा मुलगा एकटीने सांभाळायचा हे त्या मॅमवरही अन्याय आहे. म्हणून अर्ज द्याच, पण दुसरा द्या, वर्गात एक मदतनीस टीचर हवी, स्पेशल एज्युकेटरने आठवड्याला येऊन मॅमला दाखवून जावं, आणि मागे एक शांत कोपरा हवा जिथे तो गोंधळ वाढला की जाऊन बसेल. त्या मुलाचे आईबाप हेच मागून मागून थकलेले असतात, एकट्याचं शाळा ऐकत नाही, दहा फी भरणाऱ्यांचं ऐकते. तुमच्या फीचा खरा उपयोग तिथे आहे.

ओरडण्याचं कारण पण बहुतेक वेळा असतं. घंटा कर्कश्श, पंखा खडखडणारा, बेंच ओढण्याचा आवाज, काही मुलांना ते कानात खिळा ठोकल्यासारखं होतं. त्याच्या आईला एकदा विचारा की कशाने त्रास होतो. "तुमच्या मुलाला काय झालंय" असं नको, "कशाने त्रास होतो" असं. पुष्कळदा उत्तर साधं निघतं, पंख्याखालची जागा बदला. आणि तुमच्या मुलीला बर्थडेला त्यालाही बोलवू दे. तो आला नाही तरी त्या घरी बोलावणं जाऊ दे.

प्रश्न : पालकांनी मिळून "आपलं कल्चर डे" ठेवायचाय, प्रत्येक मुलाने आपापल्या राज्याचा ड्रेस घालून यायचं. आमच्याकडे नऊवारी आहेच. काही सुचवाल?

उत्तर : नऊवारी नेसवा, फोटो काढा, मजा करा. पण त्याला सर्वांना सामावून घेणं वगैरे म्हणू नका, एक दिवस लेझीम, भांगडा आणि गरबा झाला म्हणून कुणाचं काही सुटत नाही. शिवाय जी मुलं तीन पिढ्या इंदुरातच आहेत त्यांचं राज्य कुठलं हो? आपल्याच मुलांना विचारा, कितीतरी पिढ्यांपूर्वी होळकरांबरोबर आलेली घरं आपली, आणि पोरगं सांगतं "मी मालव्याचा". राज्याऐवजी घरातली एक खेळायची गोष्ट आणा असं ठेवून बघा, सागरगोटे, लगोरी, अष्टाचंगा, गोट्या, जे असेल ते, आणि एकमेकांना शिकवा. आणि कॅलेंडरवर महूचा १४ एप्रिलही येऊ द्या, बाबासाहेबांचा जन्म आपल्या शेजारचा आणि कितीतरी शाळांच्या बोर्डावर त्या दिवशी फक्त "हॉलिडे" असं लिहिलेलं असतं.

प्रश्न : आमची मुलगी दत्तक आहे, दुसरीत आहे, तिला माहीत आहे, पण शाळेत सांगितलेलं नाही. ऑगस्टमधे फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट आहे, त्यात "जन्म झाला तेव्हाचा फोटो" आणि "मी कुणासारखी दिसते" असं दोन्ही आहे. शाळेला सांगावं का?

उत्तर : सांगायची कायद्याने काहीच गरज नाही. दत्तक आदेश झाला की ती सर्व अर्थाने तुमची मुलगी, जन्मदाखल्यावर आईवडील म्हणून तुमचीच नावं. शाळेला जन्मदाखला पुरतो, दत्तकाची ऑर्डर मागायचं कारण नाही, कुणी मागितली तर कशासाठी ते लेखी विचारा. ती फाइल घरच्या कपाटातच राहू दे.

टीचरला सांगायचं की नाही हे मात्र मुलीला विचारून ठरवा, सात वर्षांच्या मुलांना बरंच कळतं. तिला नको असेल तर नका सांगू. आणि न सांगताही प्रोजेक्टबद्दल बोलता येतं, कारण हा प्रोजेक्ट फक्त तुम्हालाच अडत नाही. ज्याचे वडील गेले त्याला अडतो, ज्याच्या घरी दोन आया आहेत, एक जन्माची आणि एक सावत्र, त्याला अडतो, आणि ज्या मजुराच्या घरी जन्मावेळचा फोटोच कुणी काढला नाही त्याला तर हमखास अडतो. मॅमना म्हणा, "जन्माचा फोटो" ऐवजी "लहानपणचा कुठलाही फोटो किंवा चित्र" करा, झाडाऐवजी "माझ्या घरची माणसं" करा, ज्याला जितकी लिहायची तितकी लिहू दे, आजी, मावशी, शेजारच्या काकू, कुत्रा. "कुणासारखी दिसते" च्या जागी "कुणासारखं मला करायला आवडतं" असं केलं तर मुलं दुप्पट लिहितात.

मॅम म्हणतील वर्कबुकमधे तसंच छापलंय. छापलेल्यावर एक ओळीची चिठ्ठी चिकटवता येते. ऑगस्टला अजून वेळ आहे, याच पीटीएमला बोलून घ्या, प्रोजेक्टची नोटीस डायरीत लिहून आल्यावर बदलणं कुणालाच जमत नाही.